सगळेच किल्ले काँक्रीटचे नाहीत

'जपानमधले किल्ले म्हणजे नुसतं काँक्रीट, त्यांचे फोटो काढून काय मिळणार?' असं काही जण म्हणतात, ते ओसाका आणि नागोयाच्या किल्ल्यांपुरतं मान्य. ओसाकाचा मुख्य बुरुज १९३१ चा, आत चक्क लिफ्ट. नागोयाचा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि १९५९ मध्ये काँक्रीटमध्ये उभा राहिला. पण मूळ बुरुज अजून बारा ठिकाणी शाबूत आहेत आणि हिमेजी किल्ल्याचा त्यातला सगळ्यात देखणा. १६०९ चं लाकूडकाम आहे ते!

बहुतेक जण खालच्या मैदानातून पांढऱ्याशुभ्र बुरुजाचा फोटो काढून परत फिरतात. कृपा करून आत जा. बूट काढून हातात घ्यायचे आणि शिडीसारखे उभे जिने चढायचे. मध्ये दोन प्रचंड खांब तळापासून वरपर्यंत गेलेत. पूर्वेचा बराचसा मूळचा आहे, पश्चिमेचा १९५६-६४ च्या दुरुस्तीत बदलला. आत उजेड फार कमी, म्हणून मी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० वर ठेवून कॅमेरा हातातच धरला. जाळीच्या खिडकीतून त्या लाकडावर पडलेला उजेड मला बाहेरच्या सगळ्या फोटोंपेक्षा मोलाचा वाटतो.