सोयाबीन तांबेरा: केडीएस ७२६ वर ठिपके आलेत, वाणाची ताकद संपली का?

पंचगंगाकाठ
शिरोळ तालुका, नदीकाठची काळी जमीन. केडीएस ७२६ (फुले संगम), टोकण १५ जून, आज ६२ दिवस. खालच्या पानांवर तांबूस ठिपके दिसतायत. बांधाला लागून जेएस ३३५ हा दुसरा सोयाबीन वाण आहे, तिथं पानं पिवळी पडून हाताला भुकटी लागते. ७२६ वाण तांबेऱ्याला (पानांवर पुळ्या आणणारा बुरशीचा रोग) प्रतिकारक म्हणून घेतला होता. बी घरचं, तिसऱ्या वर्षाचं. बी जुनं झाल्यामुळे प्रतिकार गेला, की बुरशीच बदलली? फवारणी लगेच घ्यावी का?

पानावरची_बुरशी
आधी पान उलटं करून १० पट भिंगातून बघा. तांबेऱ्याच्या पुळ्या पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला बारीक छिद्र असतं. जिवाणूजन्य पुळीला छिद्र नसतं, ती नुसती तडकते. शंका राहिली तर पान ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर घरातच ठेवा. तांबेरा असेल तर सकाळी पुळ्यांवर फिकट भुकटी साठलेली दिसते, ते बुरशीचे बीजाणू.

मग डागाचा रंग. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

फिकट तपकिरी डाग, त्यात भरपूर पुळ्या, भुकटीही भरपूर: झाडानं बुरशीला ओळखलेलंच नाही. जेएस ३३५ वर हेच दिसेल. डाग गडद लालसर, पुळ्या मोजक्या, भुकटी जेमतेम: झाडानं ओळखलंय आणि डागाभोवतीच्या पेशी स्वतःहून मारल्यात. ही बुरशी फक्त जिवंत पेशींवर जगते, त्यामुळे पेशी मेली की तिची उपासमार होते. म्हणजे लालसर डाग हा प्रतिकार चालू असल्याचा पुरावा आहे. 'प्रतिकारक' म्हणजे एकही डाग न येणारा वाण, असं धरू नका. जुने डाग सगळेच काळपट होतात, म्हणून शेताच्या चार-पाच ठिकाणांहून मधल्या उंचीची पानं घेऊन ताजे डागच बघा. एकाच झाडावर दोन्ही प्रकार सापडले तर काळजी करायची, कारण बुरशीचे दोन वंश (एकाच बुरशीचे वेगवेगळे प्रकार) एकत्र आलेले असू शकतात.

वंश बदलतो कसा? बुरशी पेशीत काही प्रथिनं सोडते. झाडाचं प्रतिकार जनुक त्यातल्या एखाद्याला ओळखतं. ते प्रथिन उत्परिवर्तनानं बदललं किंवा गळालं, की तोच बीजाणू झाडाला 'दिसत' नाही. एका जनुकासमोर एक जनुक, ही जोडी हॅरल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवस आणि त्याच्या तांबेऱ्यावर दाखवून दिली. सोयाबीनमध्ये अशी जनुकं आरपीपी १, आरपीपी २ अशा नावांनी ओळखतात. त्यातलं आरपीपी ३ 'अंकुर' या आपल्याच भारतीय वाणात सापडलं.

बीजोत्पादक_कागल
बियाण्याबद्दल. सोयाबीन स्वपरागी आहे, परसंकर (दुसऱ्या झाडाच्या परागानं बी धरणं) साधारण एक टक्क्याच्या आतच. तीन वर्षांत घरच्या बियाण्यातून जनुक 'झिजत' नाही. भेसळ मात्र होते, आणि ती बहुतेक मळणी यंत्रात. आधी जेएस ३३५ मळलेलं यंत्र न झाडता वापरलं की पुढच्या वर्षी शेतात दोन वाण उभे. फुलोऱ्यात फुलाचा रंग, खोडावरची लव आणि उंची बघून वेगळी झाडं उपटा. भुकटीवाले डाग फक्त विखुरलेल्या, वेगळ्या दिसणाऱ्या झाडांवर असतील तर दोष भेसळीचा. सगळ्या शेतात सारखे असतील तर वंशाचा.

पंचगंगाकाठ
बघितलं. बहुतेक डाग लालसर, भुकटी कमी. पण मग जंगली झाडं या रोगातून कशी तगतात? त्यांना तर कुणी नवा वाण देत नाही.

पानावरची_बुरशी
जंगली झाडांच्या एकाच ताटव्यात शेजारशेजारच्या झाडांत वेगवेगळी प्रतिकार जनुकं असतात. एकावर चालणारा बीजाणू दुसऱ्यावर अडतो. जो वंश माजतो त्याला अडवणारी झाडं जास्त बी देतात, मग त्यांचं प्रमाण वाढतं, आणि बुरशीला पुन्हा बदलावं लागतं. दोन्ही बाजू हलत राहतात. आपल्या शेतात एकच बाजू हलते. बुरशीची पिढी ९-१० दिवसांची, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर चार-पाच पिढ्या. सोयाबीन मात्र शेकडो एकरांवर एकाच साच्यातलं. झाडाच्या वतीनं उत्क्रांती करायची ती पैदासकारानं, आणि त्याला एक वाण आणायला दहा-बारा वर्षं लागतात.

म्हणून गावात सगळ्यांनी एकच वाण लावणं मला धोक्याचं वाटतं. दोन-तीन वाण ठेवताना नाव नव्हे, वंशावळ विचारा. फुले अग्रणी (केडीएस ३४४) मधला प्रतिकार ईसी २४१७८० या परदेशातून आणलेल्या सोयाबीनकडून आलाय. दोन वाणांचा प्रतिकार एकाच मूळाचा असेल तर बुरशीच्या दृष्टीनं तो एकच वाण.

हिरवा_पूल
उन्हाळी सोयाबीनचा मुद्दा राहिला. तांबेरा वाळलेल्या काडीकचऱ्यावर जगत नाही, त्याला हिरवं पान लागतं. बियाण्यासाठी नदीकाठी उन्हाळी सोयाबीन, त्यात बांधावरचा घेवडा, असं चालू ठेवलं की जोर धरलेला वंश पुढच्या खरिपापर्यंत सांभाळला जातो. ब्राझीलमध्ये हा रोग २००१ मध्ये पोचला. तिथं आता दरवर्षी ठराविक काळ, किमान ९० दिवस, शेतात सोयाबीनचं एकही हिरवं झाड ठेवायला कायद्यानं बंदी आहे, आपसूक उगवलेलंसुद्धा.

फवारणी: जेएस ३३५ वर लगेच, हेक्झाकोनॅझोल ५ ईसी किंवा प्रोपिकोनॅझोल २५ ईसी (दोन्ही ट्रायझोल गटाची बुरशीनाशकं), लिटरला १ मिली, १५ लिटरच्या पंपाला १५ मिली. एकरी २०० लिटर पाणी, नोझल खालून वर, कारण बुरशी पानाच्या पाठीला आहे. ७२६ वर डाग लालसरच राहिले तर चार दिवसांनी पुन्हा बघून ठरवा. पानं रात्रीची ६ ते १२ तास ओली राहत असतील आणि हवा १५ ते २८ अंशांत असेल तर वाट बघू नका. दुसरी फवारणी लागलीच तर गट बदला: स्ट्रॉबिल्युरिन या दुसऱ्या गटाचं औषध असलेलं मिश्रण, लेबलवर सोयाबीन आणि तांबेरा दोन्ही छापलेलं. निम्मी मात्रा मारू नका. औषधापुढेही बुरशी अशीच बदलते. ब्राझीलमध्ये ट्रायझोल गटाचा परिणाम काही वर्षांतच घसरला.

फिकट, भुकटीवाले डाग ७२६ वरच वाढले तर नमुना कसबे डिग्रजच्या (जि. सांगली) कृषी संशोधन केंद्रात द्या. पानं वर्तमानपत्रात दाबून कागदी पाकिटात घाला, प्लास्टिकमध्ये दुसरी बुरशी चढते. पाकिटावर वाण, पेरणीची तारीख, बियाण्याचं वर्ष आणि शेजारचा वाण लिहा.