फायो विंडोजवर कशाला हवं?

खटपट्या: आमचे निम्मे सर्व्हर लिनक्सचे, निम्मे विंडोजचे. डिस्कचा वेग मोजायला लिनक्सवर फायो (fio) हा प्रोग्राम, विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं डिस्कस्पीड. दोन्हींचे आकडे एका तक्त्यात टाकले की मॅनेजर विचारतो, "हे दोन्ही एकच मोजतायत ना?" आणि मी चहा आणायला उठतो. माझं मत: डिस्कस्पीडला निरोप द्या. फायो विंडोजवर नेटिव्ह चालतं, सिग्विनच्या (विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण देणाऱ्या थराच्या) कुबड्या लागत नाहीत, आत थेट विंडोजचे कम्प्लिशन पोर्ट (एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळायची विंडोजची सोय) वापरतं. जॉब फाइल (चाचणीच्या सेटिंग्जची फाइल) एकच ठेवायची, वाद मिटला.

तिरपागडा: वाद आता सुरू झाला. तुमच्या जॉब फाइलमध्ये आयओइंजिन, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, लिहिलंय का?

खटपट्या: नाही. आयओडेप्थ (एका वेळी रांगेत ठेवायच्या विनंत्या) 32 आहे, ब्लॉक 4 केबी, डायरेक्ट (ओएसचा कॅश टाळणं) 1.

तिरपागडा: मग झालं की! इंजिन न लिहिल्यास लिनक्सवर फायो पीसिंक घेतं, ते सिंक्रोनस. तिथे तुमच्या 32 ला काही अर्थच नाही, एक विनंती संपली की दुसरी. विंडोजवर मात्र न विचारता विंडोजएआयओ घेतं, 32 विनंत्या खरोखर रांगेत लागतात. विंडोज जिंकल्याचा तक्ता मॅनेजरला पाठवला नसाल, अशी आशा करतो.

खटपट्या: (पाठवला होता.) पण हा दोष माझ्या फाइलचा, पोर्टचा (फायोच्या विंडोज आवृत्तीचा) नाही. लिनक्सवर लिबएआयओ हे असिंक्रोनस इंजिन लिहिलं की सुटलं. डिस्कस्पीडमध्ये तर मी '-Sh' देत होतो. ते ओएसचा कॅश टाळतंच, वर राइट-थ्रूही (लेखन डिस्कच्या कॅशमध्ये न थांबवता थेट पोचवणं) लावतं. फायोचं डायरेक्ट फक्त कॅश टाळतं. ही तफावत दोन हत्यारांमुळेच होती ना?

बिनखिळ्याची: डब्ल्यूएसएल 2 मध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) फायो टाका की. पोर्टची कटकटच नको.

तिरपागडा: ताई, तिथे ext4 ही लिनक्सची फाइल सिस्टिम एका आभासी डिस्कच्या फाइलवर बसलेली असते. मोजाल ते त्या थराचं. राहता राहिलं पोर्ट: फायो विंडोजवर वेगळ्या प्रोसेस न काढता थ्रेडवरच (एकाच प्रोसेसमधल्या समांतर धाग्यांवर) चालतं आणि 'थ्रेड' पर्याय दिला नाहीत तर दर वेळी कुरकुरतं. फाइलच्या नावातला कोलन तर त्याला दोन फाइलींमधला विभाजक वाटतो, म्हणून सी\:\ असं लिहावं लागतं. एकच जॉब फाइल म्हणे!

खटपट्या: दोन ओळी वेगळ्या, बाकी चाळीस त्याच. तेवढं चालवून घेईन.

तिरपागडा: आणि नव्या फाइलवर लिहिताना? फाइल वाढवणारं लेखन विंडोजवर असिंक्रोनस मागितलं तरी सिंक्रोनसच होतं. 32 चा पुन्हा 1.

खटपट्या: हे ठाऊक नव्हतं. आज रात्री फाइल आधी पूर्ण भरून घेतो, मग चाचणी. डिस्कस्पीडला मात्र अजून निरोपच.

तिरपागडा: त्यालाही त्याच भरलेल्या फाइलवर पळवा. दोघांचे आकडे इथे टाका, मग बोलू.