बी.एड.मध्ये कला हवी, पण नुसती फायलीत नको

शनिपार:
२०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, 'नाट्य व कला' हा भाग अभ्यासक्रमात रीतसर आला. पुण्यातल्या छात्राध्यापकांच्या फायली मी बघते. वारलीच्या नकला, चमकीचे तक्ते, सुबक मुखपृष्ठ. बऱ्याच एकमेकींवरून उतरवलेल्या. याने नजर तयार होत नाही. त्यापेक्षा त्यांना विश्रामबागवाड्यासमोर तासभर बसवा आणि त्याचा सुरूच्या झाडासारख्या घाटाचा एकच खांब काढायला सांगा. चित्र बिघडू दे. खांब कुठे फुगतो, कुठे निमुळता होतो, हे ज्याने स्वतः शोधलंय तो मुलांच्या चित्रांकडेही नीट बघेल.

फळा_खडू:
माझा विरोध आहे. पाचवीतल्या कितीतरी मुलांना धड वाचता येत नाही, तो वेळ वाचन शिकवायच्या तयारीला द्या. शिवाय प्रत्येक शिक्षकाला थोडी थोडी कला आली की संस्थाचालक म्हणणार, वेगळा कलाशिक्षक कशाला? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला कलेचा अंशकालीन निदेशक आहे, तोही पट शंभरावर असेल तरच. एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, झालेली मुलं खाजगी क्लासवर पोट भरताहेत.

शनिपार:
पदं भरायलाच हवीत. पण तिसरीच्या वर्गात कलाशिक्षक येतो कुठे? मी पाहिलेल्या एका वर्गात फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी. एका मुलीने पर्वती काढली होती: पायऱ्यांची तिरकी रांग, वर देवळाचं शिखर. "डोंगर असा असतो का?" म्हणत बाईंनी ते खोडायला लावलं. बाई जीव लावून शिकवणाऱ्या आहेत. मुलाचं चित्र कसं बघायचं, हे त्यांना प्रशिक्षणात कुणी सांगितलंच नव्हतं.

ठेका:
वाचनाचं म्हणाल तर बडबडगीत टाळ्यांवर म्हणताना शब्दातली अक्षरं कानाला सुटी ऐकू येतात. ती वाचनाचीच तयारी. मात्र बाईंना लय धरता आली पाहिजे, आणि ती सरावानेच येते.

फळा_खडू:
पहिली-दुसरीपुरतं मान्य. पण छात्राध्यापकांना हे शिकवणार कोण? एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४च्या निकषांत दृश्यकला आणि प्रयोगकला या दोन्हींसाठी अध्यापक आहेत. माझ्या माहितीतल्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं, फायलींवर सह्या करून जातं. तिथे पूर्ण पगारावर चित्रकार नेमा, गाणारा माणूस नेमा. तोवर माझा विरोध कायम.