लेखकाची मुलाखत भाषणासारखी होते. पॉडकास्टसाठी काय बदलावं?

कृष्णाकाठ_सांगली:
सांगलीत एका जुन्या वाचनालयाच्या खोलीत लेखक-अभ्यासकांशी गप्पांचा मराठी पॉडकास्ट सुरू करतोय. भाग ५० मिनिटांचा, फक्त आवाज. चाचणीत दोन अडचणी आल्या. पाहुणे एका प्रश्नावर दहा-बारा मिनिटं सलग बोलतात, मधे शिरताच येत नाही. आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. दोन यूएसबी माइक एकाच लॅपटॉपला लावलेत, पण तासाभरात दोघांचे आवाज मागेपुढे होतात. नेमकं काय चुकतंय?

वाईकर_वाचक:
पहिल्या अडचणीचं मूळ प्रश्नात आहे. आपल्याकडच्या पाहुण्यांना सवय प्रकट मुलाखतीची. 'लेखनाकडे कसे वळलात?' म्हटलं की पाठ झालेलं उत्तर सुरू होतं, कारण ते शंभरदा देऊन झालेलं असतं. तो प्रश्न काढूनच टाका.

पुस्तक पूर्ण वाचा आणि त्यातली तीनच विधानं निवडा, ज्यांच्याशी वाद घालता येईल अशी. पान क्रमांक टिपून ठेवा. समजा, प्रतिसरकारवर, म्हणजे साताऱ्यात इंग्रजांच्या राज्याला समांतर चाललेल्या सरकारवर, लिहिणारे अभ्यासक आले आहेत. 'प्रतिसरकारबद्दल सांगा' म्हटलंत की नाना पाटलांपासून सगळा इतिहास ऐकावा लागेल. त्याऐवजी विचारा: '१९४३ ते ४६ मध्ये न्यायदान मंडळांचा निवाडा लोकांनी का मानला? धाकानं की विश्वासानं? आणि कुणी मानला नाही?' आता विषय सातारा-सांगलीचा राहूनही मोठा झाला: सत्ता नेमकी कशानं अधिकृत ठरते?

खरी मुलाखत उपप्रश्नात असते. बारा प्रश्न लिहा, सहाच विचारायचे असं धरा, उरलेली जागा उपप्रश्नांना. 'एखादं उदाहरण?', 'याच्या उलट कुठं घडलं?', 'हे चुकीचं ठरायला काय दिसावं लागेल?' एवढे तीन कायम जवळ ठेवा. उत्तर संपल्यावर मनात तीनपर्यंत मोजा, मगच बोला. पुष्कळदा कामाचं वाक्य त्या शांततेनंतर येतं. पाहुणे 'प्रबोधन', 'आधुनिकता' असे शब्द वापरू लागले की अर्थ तिथल्या तिथं विचारा. विश्वकोशातली नोंद आदल्या दिवशी वाचलेली असली की तो प्रश्न अडाणीपणाचा वाटत नाही.

मिरज_ध्वनी:
दादा, दोन यूएसबी माइकला दोन वेगवेगळी घड्याळं असतात. दोन्ही नावाला ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार वेळा आवाज टिपतात, पण किंचित फरकानं चालतात आणि तासाभरात तो फरक कानाला कळतो. दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या केबलचे) डायनॅमिक माइक आणि दोन चॅनलचा एकच ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी, घ्या. दोघांचा ट्रॅक वेगळा ठेवा, म्हणजे एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्याला धक्का न लावता काढता येतो. डायनॅमिक माइकला ४८ व्होल्ट फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला दिली जाणारी वीज) लागत नाही.

माइक तोंडापासून चार बोटं, किंचित तिरका, म्हणजे 'प', 'फ'चा फटका बसत नाही. दोन माइकमधलं अंतर तोंड ते माइक या अंतराच्या किमान तिप्पट हवं. ते कमी पडलं तर एकाच माणसाचा आवाज दोन्ही ट्रॅकवर जवळपास सारखाच येतो आणि डब्यातून बोलल्यासारखा लागतो. रेकॉर्डिंग २४ बिटवर करा. जोरात हसतानाही मीटरवरची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये (शून्यापुढे आवाज फाटतो), एरवीचं बोलणं उणे १२ च्या आसपास.

'विहीर' मात्र खोलीची आहे. वाचनालय म्हणजे पुस्तकं आवाज शोषणारच, असं वाटतं. पण काचेची कपाटं बंद असली की ती आरशासारखा आवाज परत फेकतात. दारं उघडा. फरशीवर सतरंजी, टेबलावर दुमडलेली गोधडी. खोलीच्या मधोमध बसू नका. पंखा बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जरची घुरघुर ट्रॅकमध्ये येते. आणि कुणीच न बोलता ३० सेकंद रेकॉर्ड करून ठेवा. नंतर गाळणी (खोलीची घरघर काढणारं फिल्टर) लावायला आणि कापलेल्या जागा भरायला तीच शांतता लागते.

कृष्णाकाठ_सांगली:
प्रश्न आधी पाठवू का? काही पाहुणे मागतात. आणि गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात, त्याचं काय?

वाईकर_वाचक:
प्रश्न नको, तीन-चार विषय आणि पान क्रमांक पाठवा. प्रश्न पाठवले की काहीजण उत्तरं लिहून आणतात आणि वाचून दाखवतात.

कराड_संपादन:
इथं थोडा मतभेद. वयस्कर अभ्यासकांना तारखा, नावं तपासायला वेळ हवा असतो. तथ्यांचे प्रश्न आधी द्या, मतांचे राखून ठेवा. मधे 'हं हं' करू नका, मान हलवा. तो हुंकार संपादनात फार छळतो. एका तासाच्या रेकॉर्डिंगला चार-पाच तास संपादन धराच. शेवटी मोनो (एकाच चॅनलची) फाइल उणे १९ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणा, ९६ केबीपीएसची एमपी३ काढा. तासाला साधारण ४३ एमबी होते, कमी नेटवरही उतरते. पुस्तकातला छोटा उतारा चर्चेसाठी वाचलात तर चालतं. अख्खी कविता वाचायची तर लेखी परवानगी घ्या. सुरुवातीला सिनेमाचं गाणं नकोच.

मिरज_ध्वनी:
ट्रॅक्टरमागचं गाणं कुठल्याही गाळणीनं निघत नाही, कारण ते बोलण्याच्याच स्वरपट्टीत असतं. गाणं पूर्ण लांब जाईपर्यंत थांबा आणि पाहुण्यांना अर्ध्यावरून नव्हे, तर अख्खं वाक्य पहिल्यापासून बोलायला सांगा. अर्धवट जोडलेल्या वाक्याचा सूर कधीच जुळत नाही.