टाचेच्या रक्ततपासणीत टीएसएच वाढलेले आले. फेरतपासणीसाठी थांबले तर चालेल का?

नवखा_बाबा:
आमची मुलगी आज आठ दिवसांची आहे. लवकर घरी सोडणार असल्यामुळे तिच्या टाचेतून रक्ताचा नमुना ती जेमतेम वीस तासांची असतानाच घेतला गेला आणि काल निरोप आला, की टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) वाढलेले असल्याने पुन्हा रक्त द्यावे लागेल. मुलगी अंगावर व्यवस्थित पिते, खणखणीत रडते. त्यामुळे घरच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की एवढ्याशा जिवाला पुन्हा टोचण्यापेक्षा महिनाभर वाट पाहावी, काही असेल तर दिसेलच. टीएसएच वाढले म्हणजे थायरॉइडचा आजार आहेच असे समजायचे का? आणि तसे नसेल, तर थांबण्यात नेमका धोका कोणता?

बालरोगतज्ज्ञ:
आजार आहेच असे नाही, पण थांबूही नका. जन्म होताच बाळ उबेतून बाहेरच्या गारव्यात येते, तेव्हा टीएसएच अर्ध्या तासातच भराभर चढते आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत उतरत जाते. म्हणूनच नमुना शक्यतो ४८ ते ७२ तासांदरम्यान घ्यावा असे सांगितले जाते. विसाव्या तासाला घेतलेल्या नमुन्यात हा नैसर्गिक चढ अजून शिल्लक असू शकतो. नाळेवर किंवा आईच्या जखमेवर आयोडीनयुक्त जंतुनाशक लावले होते का, हेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यानेही आकडा वाढतो.

आता थांबण्याविषयी. ‘काही असेल तर दिसेलच’ हा युक्तिवाद नेमका या आजारात फसतो. गर्भात असताना आईचे थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड ग्रंथीत तयार होणारे संप्रेरक, वारेतून काही प्रमाणात बाळाला मिळत असते, त्यामुळे ज्याची स्वतःची ग्रंथी तयारच झालेली नाही असे बाळही जन्मतः गुटगुटीत दिसू शकते. रेंगाळलेली कावीळ, बद्धकोष्ठ, घोगरे रडणे, मोठी जीभ, फुगलेली बेंबी ही लक्षणे काही आठवड्यांनी हळूहळू उमटतात आणि तोवर मेंदूच्या वाढीचे झालेले नुकसान पूर्ण भरून येत नाही. जन्मजात थायरॉइडची कमतरता साधारण २००० ते ४००० बाळांमागे एकात आढळते, आणि उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर बहुतेक मुले इतरांसारखीच वाढतात. तुमची मुलगी आठ दिवसांची आहे, म्हणजे हातात फार दिवस नाहीत. शिरेतून रक्त घेऊन टीएसएच आणि फ्री टी-४ (रक्तातले मोकळे थायरॉक्सिन) दोन्ही तपासून घ्या. पहिल्या रिपोर्टमधला आकडा नेमका किती आहे?

कार्डवरचा_थेंब:
मी अशा नमुन्यांवर काम करतो, म्हणून एक भर घालतो. पुन्हा बोलावण्याचे कारण कधी कधी नमुन्यातच असते. टाचेच्या मध्यभागी न टोचता कडेच्या मांसल भागावर टोचायचे, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा मोठा थेंब कार्डावरच्या वर्तुळात एकदाच असा टेकवायचा, की तो कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत झिरपेल. घाईत थेंबावर थेंब चढवले, टाच पिळून रक्त काढले किंवा ओले कार्ड पाकिटात घातले, की तो नमुना बाद होतो. टोचताना बाळाला अंगावर पाजत ठेवले तर ते बरेच कमी रडते. तेव्हा ‘एवढ्याशा जिवाला’ ही काळजी रास्त असली, तरी तिच्यावर उपाय आहे.

शंकासुर:
थोडा वेगळा सूर लावतो. समजा, आजार ३००० बाळांमागे एकाला आहे आणि चाचणी दर हजारी पाच निरोगी बाळांना चुकून संशयित ठरवते. मग ३००० बाळांत एका खऱ्या रुग्णामागे सुमारे पंधरा घरांची झोप विनाकारण उडणार. रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फिनाइलकिटोन्युरिया या जन्मजात चयापचयाच्या आजारासाठी वाळलेल्या रक्ताच्या थेंबाची चाचणी रूढ केली, तेव्हा आजार एकच होता. आता त्याच थेंबातून डझनावारी आजार शोधता येतात. उपचारच नसलेला आजार शोधून आईवडिलांच्या हाती नुसती चिंता द्यावी का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

बालरोगतज्ज्ञ:
प्रश्न योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रकाशित केलेल्या विल्सन आणि युंगनर यांच्या, कोणत्या आजारासाठी सरसकट तपासणी करावी हे ठरवणाऱ्या निकषांत मान्य उपचार असण्याची अट आहेच. पण थायरॉइड या वादात ओढू नये. इथे उपचार म्हणजे रोजची एक छोटी गोळी. उलट ज्या घरांना विनाकारण धास्ती बसते, त्यांना ‘पुन्हा तपासणी’ म्हणजे निदान नव्हे, हे फोनवरच नीट सांगितले जात नाही, ही आमच्या व्यवसायाची उणीव मानतो.

नवखा_बाबा:
रिपोर्टमध्ये ४६ लिहिले आहे. उद्या सकाळी जातो. गोळी सुरू करावी लागली, तर इतक्या लहान बाळाला ती द्यायची कशी?

बालरोगतज्ज्ञ:
आकडा ४० च्या वर आहे, त्यामुळे उद्यावर ढकलू नका. आजच डॉक्टरांशी बोला. अशा वेळी शिरेतले रक्त घेतल्यावर, त्याच्या रिपोर्टची वाट न पाहता गोळी सुरू करण्याची पद्धत आहे. नमुना लवकर घेतला होता हे मात्र त्यांना आवर्जून सांगा. मात्रा बाळाच्या वजनावरून तेच ठरवतील. गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात मिसळून लगेच पाजायची. भरलेल्या बाटलीत टाकायची नाही, कारण बाटली अर्धवट राहिली तर औषधही अर्धवट जाते. लोह किंवा कॅल्शियमची औषधे त्याच वेळी देऊ नका. काही मुलांत हा दोष तात्पुरता असतो, म्हणून तिसऱ्या वर्षानंतर गोळी काही आठवडे थांबवून पुन्हा तपासता येते. त्याआधी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.