माफीचा साक्षीदार, नायलॉनची दोरी आणि रात्रीची बेल

चाफेकळी
काल रात्री साडेनऊला बेल वाजली. बाहेर विशीतला मुलगा, पाठीला सॅक. "काकू, पाचशे तीन इथेच ना?" चुकून आला होता बिचारा. साखळी काढायला गेलेला माझा हात तसाच थांबला आणि फटीतूनच त्याला वरचा जिना दाखवला. मग झोप येईना. पडल्या पडल्या एकदम 'माफीचा साक्षीदार' आठवला, पुण्यातल्या ७६-७७च्या जोशी-अभ्यंकर खुनांवरचा १९८६चा सिनेमा. सुट्टीत आम्ही सगळ्या भावंडांनी व्हीसीआर भाड्याने आणून पाहिला होता. खिडकीशी बसलेले एकेक करत आजीच्या गादीवर सरकले. आज प्रसंग फारसे आठवत नाहीत, ती खून करणारी कॉलेजातली मुलं आठवतात. दादाचे मित्र घरी यायचे ना, तशीच.

कोणी पाहिलाय? आणि ७६-७७ला पुण्यात कोण कोण होतं? लिहा प्लीज.

जुना_पेठकर
मी होतो, सातवीत. आम्हाला सिनेमाची गरजच नव्हती. सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबातले तिघं, १ डिसेंबरला भांडारकर रोडला अभ्यंकरांकडे एका रात्रीत पाच जण. नायलॉनच्या दोरीने गळे आवळले असं कळलं तेव्हा आईने गच्चीतली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडली आणि पाणी तापवायच्या बंबात टाकली. वितळून काळा गोळा झाला, घरभर वास. दुसऱ्या दिवशी सुताची दोरी आली. पावसात ती सैल पडायची, धोतरं जमिनीला टेकायची. पण आईने शेवटपर्यंत नायलॉन घरात येऊ दिलं नाही.

रानजाई
बापरे, काटा आला वाचून. बंब हा शब्द किती वर्षांनी ऐकला! आमचा तांब्याचा होता

मुक्ता_ताई
आमचाही. चिंच लावून घासायचा दर रविवारी, हात आंबट

ओवी७९
नाना पाटेकर, त्यातला खुनी!! माझी आई नंतरच्या त्याच्या प्रत्येक सिनेमात म्हणायची, मला नाही बघायचा हा. किती भल्या माणसांची कामं केली पुढे, आईसाठी तो तोच राहिला.

कुंचला
माझा काका या खुन्यांच्याच कला महाविद्यालयात त्यांच्या मागच्या वर्षाला होता. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शहा, सगळे रोज दिसणारे. जानेवारी ७६ मध्ये पहिला बळी गेला तो त्यांच्याच कॉलेजातला मुलगा. घर सोडून जातोय अशी चिठ्ठी त्याच्याकडून आधी लिहून घेतली होती, म्हणजे वर्षभर खून झालाय हेच कोणाला ठाऊक नाही. मृतदेह पिंपात घालून सारसबागेजवळच्या तळ्यात टाकला होता. काका म्हणतो, अटक झाली त्या दिवशी वर्गात कोणी ब्रश हातात धरला नाही. पुढे कित्येक वर्षं 'कुठल्या कॉलेजचे?' विचारलं की तो नुसतं 'चित्रकलेच्या' म्हणायचा. सिनेमा त्याने पाहिलेला नाही. आम्हीही कधी लावला नाही तो असताना.

रानजाई
काकांना नमस्कार सांग रे. काय गेली असतील ती वर्षं

विसर्ग
मला एक खंत आहे. सिनेमा पाहिला की मारणारे लक्षात राहतात. भांडारकर रोडला मारले गेलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर कोण होते हे किती जणांना माहीत आहे? एमएला व्याकरण होतं तेव्हा त्यांचा संस्कृत व्याकरणाचा कोश, बडोद्याहून १९६१ला निघालेला, सतत टेबलावर असायचा. 'अनुबंध' असलेल्या पानावर माझ्या शाईचा डाग आहे. दोन वर्षं वापरला, तरी नाव मनात जुळलं नव्हतं. एकदा बाबांनी सहज उचलला, कव्हर वाचलं आणि दोन्ही हातांनी परत ठेवला. "तेच हे," म्हणाले. ८८ वर्षांचे होते शास्त्रीबुवा. वडिलांनी, वासुदेवशास्त्रींनी, संस्कृत व्याकरणावरचं पातंजल महाभाष्य मराठीत आणलं, त्याचा प्रस्तावनाखंड यांनी लिहिला. असा माणूस.

चाफेकळी
विसर्ग, हे मला खरंच माहीत नव्हतं. बरं झालं लिहिलंत.

टिपरी
माफीचा साक्षीदार म्हणजे नेमकं काय? लेकीने विचारलं, धड सांगता आलं नाही

जुना_पेठकर
स्वतः गुन्ह्यात सामील असलेला. सगळं खरं सांगायच्या अटीवर कोर्ट त्याला माफी देतं. इथे त्यांचाच एक मित्र झाला. बाकी चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात फाशी. तीन वर्षांनी सिनेमा.

सावली_म
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. मी पहिल्यांदा पाहिला कॉलेजात, तेव्हा भीती दार वाजायची. परवा परत पाहिला, आता मुलगा एकोणीसचा आहे. सगळा वेळ मनात एकच, यांच्या आया कुठे होत्या? पोरगं रात्री उशिरा आलं की मी वरण गरम करते, ताट वाढते, कुठे होतास विचारते, तो 'मित्रांकडे' म्हणतो. त्याही हेच करत असतील ना? त्यांनाही हेच उत्तर मिळत असेल. रात्री दोनदा उठून त्याच्या खोलीत डोकावले, तोंड उघडं टाकून झोपला होता. आल्या शिट्ट्या, जाते

मुक्ता_ताई
सावली, मिठी गं.

टिपरी
चाफेकळी, तो मुलगा पोचला का ५०३ला?

चाफेकळी
पोचला. सकाळी लिफ्टपाशी भेटला, नवीन भाडेकरू आहे, पहिल्यांदाच घराबाहेर राहतोय. काल दार उघडलं नाही म्हणून सॉरी म्हटलं, लिंबाचं लोणचं दिलं. साखळी मात्र आजही लावली आहे.

रानजाई
मुक्ताताई, बंब माळ्यावर आहे अजून. रविवारी काढून फोटो टाकते