ऑपरेशनआधी खांद्याला शेक दिला तर टेंडन लवकर भरतं का?

निपाणीची लेक: बाबा उसाच्या ट्रॉलीवरून पडले, उजवा हात वर जातच नाही. एमआरआयमध्ये रोटेटर कफ, म्हणजे खांद्याचे स्नायू हाडाला जोडणारी टेंडनं, फाटल्याचं आलंय, पुढच्या महिन्यात बेळगावात ऑपरेशन आहे. आधी उष्णता दिली तर टेंडन चांगलं भरतं, असं वाचलं. तेव्हापासून आई रोज रात्री एरंडाचं पान ठेवून वरनं तापल्या विटेचा शेक देतीय. बाबांना साखर आहे. चालेल ना?

फिजिओ, टिळकवाडी: ताई, वीट आजच बंद करा. साखरेच्या पेशंटला चटका उशिरा कळतो. त्या जागी फोड आला तर जंतुसंसर्गाच्या भीतीनं ऑपरेशन पुढं जाईल.

वाचलंत ते मात्र हवेतलं नाही. १९६२ मध्ये रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाश्यांच्या पेशींवर उष्णतेचा परिणाम दिसला. पुढं कळलं की तापलेली पेशी ‘हीट शॉक प्रोटीन’ तयार करते आणि ती बाकीच्या प्रथिनांना सावरतात. त्यातलं एचएसपी ४७ कोलॅजेन या प्रथिनाची घडी नीट बसवतं, आणि टेंडन म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच. म्हणून ऑपरेशनआधी ऊब द्यायची कल्पना निघाली. पण प्रयोगात उंदरांना ४२ अंशांच्या आसपास, मोजूनमापून तापवतात. विटेला कुठला काटा? शिवाय हे टेंडन डेल्टॉइड स्नायूच्या खाली, खोल असतं. तिथं ऊब पोचायच्या आधी कातडी भाजेल.

तालीमवाला: आमच्याकडं वस्ताद ताज्या मारावर शेक देऊ देत नाहीत, सूज वाढते म्हणून. आखडलेल्या अंगालाच देतात.

फिजिओ, टिळकवाडी: वस्तादांचं बरोबर आहे.

निपाणीची लेक: आईला सांगितलं, वीट बंद. पण मग आमच्या हातात काय आहे? बाबा तंबाखू खातात, ते चालतं का?

फिजिओ, टिळकवाडी: नाही, आणि शेकापेक्षा हेच मोठं आहे. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, टेंडनला रक्त मुळातच कमी. निपाणीत तंबाखू सोडा म्हणणं किती अवघड ते मला ठाऊक आहे, तरी आजच डबी काढून घ्या, ऑपरेशननंतरही देऊ नका. दुसरं, तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, तपासून सर्जनना दाखवा. खांदा आखडला असेल तर त्यांना विचारूनच व्यायामाआधी टॉवेलात गुंडाळलेली कोमट पिशवी दहा मिनिटं ठेवा. मधे मधे टॉवेल उचलून कातडी बघा, लाल दिसली की काढा. ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत राहील. गळीत हंगाम असला तरी ट्रॉलीकडं फिरकू देऊ नका.